पुस्तकं जाळणारा डिटेक्टिव्ह : पेपे कार्वाल्हो

रातकिडा

पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपला हात आपोआप पुस्तकाला आणि मग कपाळाला जातो. खंडेनवमीला पाटीपुस्तकाची पूजा करून मोठी झालेली माणसं आपण. त्यामुळे पेपे कार्वाल्हो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी कादंबरी मिटून बाजूला ठेवली होती.

प्रसंग असा. रात्र बरीच झालेली. बार्सेलोना शहराच्या डोक्यावर वाल्विद्रेरा नावाची टेकडी आहे, तिथल्या घरात एक चाळिशीचा माणूस थकून येतो. त्याला शेकोटी पेटवायची आहे. तो पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहतो, निवडून एक पुस्तक काढतो, पानं टराटरा फाडतो, लाकडांखाली सारतो आणि काडी लावतो. मग शांतपणे स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतो. हा आपला नायक. 'तातुआखे' (म्हणजे गोंदण, १९७४) या कादंबरीत हा उद्योग सुरू होतो, आणि जळणाऱ्यांत साक्षात सेर्वान्तेसची 'दोन किहोते' (आपण डॉन क्विक्झोट म्हणतो ती) सुद्धा आहे!

लेखक मान्वेल वास्केस मोन्ताल्बान. मूळचा कवी, पत्रकार, कम्युनिस्ट. जन्म १९३९चा, बार्सेलोनाच्या रावाल या गरीब वस्तीतला. स्पेनचं यादवी युद्ध संपून हुकूमशहा फ्रँको गादीवर बसला तेच हे साल, आणि अमेरिकन लेखक चॅंडलरचा डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो पहिल्यांदा कादंबरीत अवतरला तेही हेच. १९६२ साली अस्तुरियासमधल्या खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून मोन्ताल्बान तुरुंगात गेला, लेरिदाच्या. १९७० मध्ये स्पेनमधल्या नऊ नव्या कवींचा एक गाजलेला संग्रह निघाला, त्या नवांतला हा एक. अशा माणसाने डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिणं म्हणजे तेव्हाच्या साहित्यिक वर्तुळात जवळपास बाटल्यासारखंच. आपल्याकडे सत्यकथेसारख्या वाङ्मयीन मासिकात कविता छापून येणाऱ्याने उद्यापासून झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथा लिहायला घेतल्या असत्या तर काय झालं असतं, ते डोळ्यांपुढे आणा.

कार्वाल्होची कुंडली : स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिसियाचा, म्हणजे बार्सेलोनाच्या कातालान भाषा बोलणाऱ्या लोकांत उपराच. एके काळचा कम्युनिस्ट, नंतर चक्क सीआयएचा माणूस (१९७२च्या पहिल्या पुस्तकात तो केनेडीचा अंगरक्षक असतो, ते पुस्तक फारच प्रायोगिक आहे, तिथून सुरुवात करू नका). ऑफिस रांब्लास या गजबजलेल्या रस्त्यावर. मदतनीस बिस्कुतेर, तुरुंगात ओळख झालेला भुरटा गाडीचोर, जो ऑफिसच्या मागच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात अफाट रांधतो. खबऱ्या ब्रोमुरो, रस्त्यावर बूटपॉलिश करणारा. हा पूर्वी हिटलरच्या बाजूने रशियात लढून आलेला, आणि त्याची ठाम समजूत अशी की सरकार पाण्यात ब्रोमाइड मिसळून लोकांचा पुरुषार्थ मारतंय. मैत्रीण चारो, वेश्या, स्वतःच्या फ्लॅटवर स्वतःचा धंदा बघणारी.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'लोस मारेस देल सुर' (दक्षिणेचे समुद्र, १९७९). तिला त्या वर्षीचं प्लानेता पारितोषिक मिळालं. स्तुआर्त पेद्रेल हा बडा बिल्डर. चित्रकार गोगँसारखं सगळं सोडून दक्षिण समुद्रातल्या बेटांवर जायचं त्याच्या डोक्यात असतं. एक दिवस तो नाहीसा होतो. वर्षभराने एका अर्धवट बांधकामावर त्याचं भोसकलेलं प्रेत सापडतं, आणि कळतं की तो देश सोडून कुठे गेलाच नव्हता. बायकोला खुनी कोण यात फारसा रस नाही. तिला एवढंच कळायला हवंय, की मधलं वर्षभर हा होता कुठे?

तो कुठे होता हे मी सांगणार नाही. पण ते कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, आणि खुन्याचं नाव कळतं तेव्हा येत नाही. या माणसाच्या कादंबऱ्यांची सगळी मजा मला त्यात वाटते.

आता मूळ प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढला. कार्वाल्हो पुस्तकं का जाळतो? त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की आयुष्यभर वाचलं आणि त्यातून जगायला काही शिकलो नाही. मला हे पटत नाही. तुम्हाला?

---

गडबडगुंडा

वाचनखूण साठवली. इंग्रजीत मिळतील का? आणि कुठल्या क्रमाने वाचायच्या?

---

मधलीसुट्टी

यातल्या तीन वाचल्यात. लेख चांगला आहे, पण एक गोष्ट सफाईने गाळलीत. चारो. पुस्तकामागून पुस्तक ती फोनची वाट बघते, रडते, भांडते, आणि साहेब मनात आलं की टपकतात, जेवतात, जातात. 'दक्षिणेचे समुद्र'मध्ये तर मेलेल्या माणसाच्या कोवळ्या वयातल्या मुलीशी हा झोपतो आणि नंतर तिला झटकून टाकतो. 'स्वतःचा धंदा बघणारी' असं लिहून तुम्ही लेखकाला फुकटचं प्रशस्तिपत्र दिलंत. हार्डबॉइल्ड म्हणजे या रांगड्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधल्या बायका एक तर विष तरी असतात नाहीतर उशी तरी. चारो उशी आहे.

जळणाऱ्या पुस्तकांबद्दल : मला तर ते निव्वळ पुरुषी नाटक वाटलं. घरात एवढी पुस्तकं आधी जमवायला पैसा आणि फुरसत लागते, मग ती जाळण्यातली ऐट परवडते.

---

रातकिडा

मधलीसुट्टी, चारोचा मुद्दा मान्य. 'गाळलीत' हेही मान्य. एवढंच सांगतो की लेखकालाही ते टोचलं असावं. पुढे चारो कंटाळून त्याला सोडून आंदोरा या शेजारच्या चिमुकल्या देशात निघून जाते, आणि त्यानंतरच्या पुस्तकांतला कार्वाल्हो नुसता म्हातारा होत जातो. परत येते ती २०००च्या कादंबरीत. तोवर तिच्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही.

ऐटीचा मुद्दा मात्र अर्धाच पटला.

गडबडगुंडा, इंग्रजीत बऱ्याच आहेत. क्रमाच्या भानगडीत पडू नका, 'दक्षिणेचे समुद्र' घ्या.

---

मडगांवकार

आडनाव वाचून धाग्यावर आलो. कार्व्हालो! आमच्या वाड्यावर तीन घरं आहेत. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ओकचं झाड. गॅलिसिया पोर्तुगालला खेटून असल्यामुळे तिथे हे आडनाव सापडतं. म्हणजे बार्सेलोनात राहून ज्याचं नावच सांगतं की हा इथला नव्हे, असा हा गडी. कातालान नाही आणि धड कास्तिलियनही नाही. गोव्यातून मुंबईला गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पेपे हे होजेचं लाडाचं नाव, जसं आमच्याकडे जुझेचं जुझू.

---

पोटापाण्याला_परदेशी

बार्सेलोनात साडेतीन वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय.

कार्वाल्होच्या ऑफिसचा रस्ता म्हणजे रांब्ला. वरच्या टोकाला काताल्युन्या चौक, खालच्या टोकाला बंदराजवळ कोलंबसचा उंच पुतळा, मध्ये सव्वा किलोमीटर. बंदराकडे तोंड केलं की उजव्या हाताला बोकेरिया मंडई लागते, आणि तिच्यामागे रावाल. कादंबऱ्यांत या भागाला बार्रियो चिनो म्हणतात. खलाशी, वेश्या, भुरटे चोर यांची वस्ती. आता तिथे पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो दुकानं आहेत. हळद, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या घ्यायला मी दर शनिवारी तिथे जायचो आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशऐवजी सरळ हिंदीत भाव करायचो. ऑलिंपिकच्या (१९९२) आगेमागे या वस्तीची मोठी पाडापाडी झाली. इमारतींच्या रांगाच्या रांगा पाडून मधोमध २००० साली रुंद रस्ता काढला, रांब्ला देल रावाल. तिथे बोतेरो या शिल्पकाराने केलेलं एक लठ्ठ मांजर आहे, त्यावर पोरं चढून बसतात. त्या रस्त्याला लागूनच जो चौक केला, त्याला नाव दिलंय वास्केस मोन्ताल्बानचं. जी वस्ती पाडली म्हणून हा माणूस पुस्तकामागून पुस्तकात कुरकुरत राहिला, तिच्याच पाडलेल्या जागेवर त्याच्या नावाची पाटी. शेजारी चकाचक गोल हॉटेल. मला प्रत्येक वेळी हसू यायचं.

वाल्विद्रेराला जायला आधी उपनगरी रेल्वे, मग फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोरखंडाने ओढली जाणारी गाडी. १९०६ पासून चालू आहे. वर पोचलो की हवा दोन-तीन अंशांनी तरी गार वाटायची आणि खाली अख्खं शहर, पलीकडे समुद्र. वर गेल्यावर कळलं की याचं घर इथे का. दिवसभर खाली घाणीत हात घालायचे आणि रात्री वर येऊन शहराकडे बघत जेवायचं.

शेकोटीची गरजही खरी आहे बरं का. ;)

---

तळटीप

जळणाऱ्या पुस्तकांबद्दल थोडं.

धागाकर्त्यांनी 'दोन किहोते'चा उल्लेख केलाय, पण गंमत अर्धीच सांगितली. पुस्तकं जाळण्याचा साहित्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग 'दोन किहोते'मध्येच आहे. पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणात गावचा पाद्री आणि न्हावी मिळून किहोतेच्या कपाटातली एकेक कादंबरी तपासतात, हिला ठेवा, हिला जाळा असा निवाडा करतात, आणि मागच्या अंगणात होळी करतात. कारण काय, तर पुस्तकं वाचून माणूस बिघडला. त्या दोघांचं काम कार्वाल्हो एकट्याने करतो आणि ज्या ग्रंथात त्यांचा निवाडा आहे तोच आगीत घालतो. शिवाय दुसऱ्या भागात किहोते शेवटी येतो तो बार्सेलोनातच. तिथे तो एक छापखाना बघतो, आणि तिथल्याच किनाऱ्यावर हरून घरी परततो. किहोतेला पुस्तकांनी वेड लावलं, कार्वाल्होला पुस्तकांनी शहाणं केलं नाही. तक्रार एकच, टोकं वेगळी.

दुसरं असं की १९३९ साली त्या भागात पुस्तकं खरोखर जळाली होती. कातालान भाषेचं आधुनिक व्याकरण ज्याने घातलं त्या पोंपेऊ फाब्राचा ग्रंथसंग्रह फ्रँकोच्या माणसांनी शेजारच्या बादालोनात रस्त्यावर जाळला. मोन्ताल्बानला हे माहीत नसेल हे शक्य नाही. तरी तो आपल्या डाव्या नायकाच्या हातात काडी देतो. म्हणजे वाचणाऱ्याने दचकावं असंच त्याला हवंय. मधलीसुट्टी म्हणतात तशी नुसती ऐट असती तर त्याने फालतू पुस्तकं जाळली असती. हा निवडून चांगली जाळतो.

---

मधलीसुट्टी

तळटीप, किहोतेचा धागा सुंदर जुळवलात, माघार घेते. निम्मी. चारोच्या बाबतीत नाही.

---

चिंगुसचंदू

म्हणजे हीरो सीआयएचा, पुस्तकं जाळणार, बाई ठेवणार, वर खाण्याचे चोचले. आणि लेखक म्हणे कम्युनिस्ट! हलके घ्या. पण यात 'साहित्यिक' नक्की काय आहे? आपला काळापहाड बरा होता, निदान गुन्हेगार तरी पकडायचा.

---

रातकिडा

चंदूशेठ, हलकेच घेतलं. पण प्रश्न चांगला विचारलात.

फ्रँको गेला २० नोव्हेंबर १९७५ला. १९७७च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर झाला, १९७८ला नवी घटना आली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता आनंदीआनंद. पण ज्यांनी चोरून पत्रकं वाटली, तुरुंग भोगला, त्यांनी पाहिलं की कारखाने त्याच मालकांचे आणि जमिनीही त्याच बिल्डरांच्या, फक्त टाय बदललेत. तेव्हा तिकडे एक कडवट विनोद चालायचा, 'फ्रँकोच्या विरोधात होतो तेव्हा आपलं बरं चाललं होतं.' तो मोन्ताल्बानच्याच नावावर सांगतात.

हे कुठल्या कादंबरीत मांडणार? पांढरपेशा नायक घेतला तर तो कामगार वस्तीत जाणार नाही, कामगार घेतला तर त्याला बिल्डरच्या दिवाणखान्यात कोण घेईल? खाजगी डिटेक्टिव्ह दोन्हीकडे जातो, आणि प्रश्न विचारायचे त्याला पैसे मिळतात. कवीला हवी ती किल्ली एका बाजारू प्रकारात सापडली. चॅंडलरलाही लॉस एंजेलिससाठी तीच सापडली होती म्हणा. पण मार्लोला निदान आपण सज्जन आहोत असं वाटतं, कार्वाल्होला तेवढीही खात्री नाही.

१९८१च्या कादंबरीचंच बघा. कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची बैठक चालू आहे, दिवे जातात, येतात तेव्हा सरचिटणीस भोसकलेला. खोलीत फक्त कॉम्रेड. तपासाला बोलावतात कोणाला, तर पक्ष सोडून सीआयएत गेलेल्याला! तो माद्रिदला जातो, जुने दोस्त भेटतात, आणि तो सगळ्यात जास्त तक्रार करतो तिथल्या जेवणाची. यात साहित्यिक काय ते मला सांगता येणार नाही. हसता हसता घसा दाटून येतो एवढं खरं.

---

निमूट

बिस्कुतेर या नावावर एक अवांतर. ही १९५०च्या दशकातली स्पेनमधली चिमुकली मोटार होती. गरिबाची गाडी. सुरुवातीच्या गाड्यांना रिव्हर्स गिअरच नव्हता, मागे घ्यायची तर उतरून ढकलायची. गाड्या चोरणाऱ्या एवढ्याशा माणसाला हे नाव ठेवणाऱ्या लेखकाला माझा दंडवत.

---

गडबडगुंडा

जाता जाता, टीव्हीवरचा तो इटालियन इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो आणि हे लेखक मोन्ताल्बान, यांचा संबंध आहे का काही?

---

तळटीप

आहे. आंद्रेआ कामिल्लेरीने १९९४ मध्ये आपला इन्स्पेक्टर आणला तेव्हा याच्या मानार्थ ते नाव ठेवलं. दोघेही खादाड, हे ओघाने आलंच. पुढे बार्सेलोनाच्या गुन्हेगारी-साहित्य महोत्सवात पेपे कार्वाल्होच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं, ते कामिल्लेरीलाही मिळालं.

टीव्हीवरून आठवलं. १९८६ला स्पॅनिश दूरदर्शनने कार्वाल्होची मालिका केली, ती मोन्ताल्बानला अजिबात आवडली नाही. त्याने पत्र वगैरे न लिहिता एक कथा लिहिली आणि टीव्हीच्या मुख्यालयातच, प्रादो देल रेयमध्ये, खून पाडला. रागवावं तर असं.

---

कोकमसार

एवढे प्रतिसाद झाले आणि जेवणाबद्दल कोणी धड बोलत नाही, कमाल आहे! हा माणूस दुःखी झाला की रांधतो. मध्यरात्री रांधतो, एकट्याने खाववत नाही म्हणून शेजारच्या फुस्तेरला उठवतो, आणि दोघे भातात काय पडावं, काय पडू नये यावर वाद घालतात. लेखकाने १९८९ मध्ये कार्वाल्होच्या पाककृतींचं वेगळं पुस्तकच काढलं.

पुस्तक जाळणं आणि रांधणं एकाच चुलीवर चालतं, हे कोणाच्या लक्षात आलं का? माझी आजी तव्यावर भाकरी टाकायची तेव्हा चुलीत जुने पेपर सारायची, त्यावर कोणाचा अग्रलेख आहे हे तिने कधी पाहिलं नाही. याला ते पाहायचं असतं, एवढाच फरक. युद्धानंतरच्या उपासमारीत वाढलेल्या पिढीचा लेखक आहे हा. पोट भरल्याशिवाय विचारांवर विश्वास ठेवू नये हे त्याला लहानपणीच कळलं असणार.

असो. मी उत्साहाने 'बाकालाओ आल पिल-पिल' करायला घेतलं. बास्क पदार्थ. खारवलेला कॉड मासा, ऑलिव्ह तेल, लसूण, सुकी मिरची, बास. मासा एक-दीड दिवस पाणी बदलत भिजवायचा. लसूण-मिरची तेलात परतून काढून घ्यायची, मंद आचेवर मासा कातडीसकट शिजू द्यायचा, आणि मग मातीचं भांडं दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवत राहायचं. माशाच्या कातडीतलं जिलेटिन तेलात उतरतं आणि तेल दाट, पांढुरकं, सायीसारखं बांधतं. ना मैदा ना अंडं.

कॉड कुठून आणू? खारवलेली सुरमई घेतली. पाऊण तास भांडं हलवलं. खांदे गेले. तेल तेलाच्या जागी, सुरमई सुरमईच्या जागी. नवरा म्हणाला, छान झालीय, जरा आमसूल घाल.

---

मडगांवकार

कोकमसार, सुरमईने होणार नाही. बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड, आमच्याकडे मडगावात मिळतो, पोर्तुगीजांची देणगी. महाग आहे. ख्रिसमसच्या सुमाराला हमखास असतो. जाड, कातडीवाला तुकडा बघून घ्यायचा. बहीण पुढच्या आठवड्यात दादरला येतेय, तिच्याकडे देऊ का? व्यक्तिगत निरोप करा. कार्व्हालोचा मासा कार्व्हालोंच्या गावातूनच जावा.

---

मधलीसुट्टी

या धाग्याच्या नादाने 'दक्षिणेचे समुद्र' परत काढली. (ज्यांनी वाचली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

पेद्रेल वर्षभर कुठे होता ते मी विसरले होते. त्याने स्वतः बांधलेल्या, फ्रँकोच्या काळात पैसा खाऊन उठवलेल्या भिकार वसाहतीत. सान माखिन. ओल आलेल्या भिंती, वस्ती सगळी बाहेरगावहून आलेल्या कामगारांची. तिथे नाव बदलून, हिशेबनीस म्हणून. ते त्याचे दक्षिणेचे समुद्र. आणि तिथे त्याला भेटते आना ब्रियोन्गोस, मोटार कारखान्यातली कामगार. पहिल्या वाचनात मला ती आठवतच नव्हती, यावेळी कादंबरी तिचीच वाटली. ती कोणाची वाट बघत बसत नाही, मेलेल्याचं कौतुकही करत नाही. तिला त्याचं बेट होण्यात काडीचा रस नाही. म्हणजे या माणसाला बाई लिहिता येत होती तर. मग चारोला का नाही लिहिलंस बाबा?

आणि ते कुत्र्याचं पिल्लू, ब्लेदा. शेवट वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं. जाळलं नाही.

---

पोटापाण्याला_परदेशी

ब्लेदा म्हणजे कातालानमध्ये चार्डची पालेभाजी. बावळट मुलीलाही म्हणतात. आपण 'भोपळा' म्हणतो तसं.

मोन्ताल्बान गेला ऑक्टोबर २००३ मध्ये, बँकॉकच्या विमानतळावर, ऑस्ट्रेलियाहून परतताना. हृदयविकाराने. त्याआधी वीस वर्षं त्याने कार्वाल्होला बँकॉकला पाठवून कादंबरी लिहिली होती, 'बँकॉकचे पक्षी'. कार्वाल्होची शेवटची जगभ्रमंती त्याच्यामागे २००४ला दोन खंडांत निघाली. तेव्हा मी तिथे नव्हतो, पण आमचा घरमालक सांगायचा की दुसऱ्या दिवशी बोकेरियात मासळीवाल्या बायका त्याच्याबद्दल बोलत होत्या. कवीबद्दल मासळीबाजारात बोलणं होतं हे ऐकूनच मला बरं वाटलं होतं.

---

रातकिडा

मूळ प्रश्नाचं उत्तर मला तळटीप यांच्यापेक्षा कोकमसार यांच्या आजीकडे सापडतंय असं वाटायला लागलंय. काल रात्री कपाटापुढे उभा राहून बघितलं, जाळायचंच झालं तर कुठलं? अर्धा तास गेला. शेवटी तीन पुस्तकं परत वाचायला काढली आणि एक रद्दीत. रद्दीतलं माझं स्वतःचं होतं, २००८ला पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह. अजून सत्तर प्रती माळ्यावर आहेत. थंडी पडली की कळवा.

---

कोकमसार

मडगांवकार, बहिणीला खूप खूप आभार सांगा. तुकडा जाड होता, दीड दिवस भिजवला, पाच वेळा पाणी बदललं. पहिल्या दहा मिनिटांत काही नाही. मग आच बंद केली, तेल कोमट होऊ दिलं आणि परत हलवायला घेतलं. तेल बांधलं! अगदी सायीसारखं. नवरा झोपला होता, शेजारच्या काकूंना उठवलं.

फोटो चढत नाहीये, साइझ मोठा आहे म्हणतंय. कसा लहान करायचा?